माल बोटीवर चढल्यावर जोखीम कुणाची

रॉटरडॅम

ती. काका,
सा. न. वि. वि.

यंदाचा द्राक्षाचा कंटेनर सीआयएफवर, म्हणजे बोटीचं भाडं आणि विमा धरून ठरवलेल्या भावात, द्यायचा ठरतोय असं कळलं. भाडं आणि विमा आपण भरतो, म्हणून माल इथे उतरेपर्यंत जोखीम आपली, असं नाशिकला बहुतेक जण धरून चालतात. इन्कोटर्म्स २०२० (आंतरराष्ट्रीय व्यापारातल्या अटींचे नियम) प्रमाणे तसं नाही. न्हावा शेवाला माल बोटीवर चढला की जोखीम खरेदीदाराची. पण करारात ‘भाव विक्रीनंतर’ असं कुठे घातलंय का, ते आधी बघा. तसं असेल तर वर सीआयएफ लिहूनही उपयोग नाही. आडत्याकडे माल टाकल्यासारखंच ते. शेवटी खर्च वजा करून हिशोबाची पट्टी हातात येते.

माझं मत विचाराल तर सीआयपी ही अट मागा, तिच्यातही भाडं आणि विमा आपणच भरतो. सीआयएफमध्ये कंटेनर बंदराच्या यार्डात पडून असतो ते दिवस आपल्या जोखमीचे. सीआयपीत पहिल्या वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की सुटलो. शिवाय सीआयएफला किमान विमा क्लॉज सीचा, म्हणजे ठरावीक मोठ्या अपघातांपुरताच; त्यात रीफरचं (थंड ठेवणाऱ्या कंटेनरचं) मशीन बंद पडणं बसत नाही. सीआयपीला क्लॉज ए, म्हणजे सगळ्यात व्यापक विमा, लागतो. त्यातही मशीन बिघाडाचं कलम वेगळं लिहून घ्या आणि मशीन किती तास बंद राहिल्यावर भरपाई, तो आकडा वाचा. उशिरामुळे माल खराब झाला तर मात्र क्लॉज एसुद्धा पैसे देत नाही. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे कितीतरी बोटी आफ्रिकेला वळसा घालून आल्या, प्रवास आठवडा-दोन आठवड्यांनी लांबला. तेवढी टिकवण मालातच हवी.

माल भरतानाच गरम असेल तर कुठल्याही अटीवर दोष आपलाच. रीफर माल थंड करत नाही, थंड केलेला माल थंड ठेवतो. प्री-कूलिंगनंतर (भरण्याआधी थंड खोलीत ठेवल्यावर) मण्याच्या आतलं तापमान ० ते १ अंश हवं. खोलीच्या डिस्प्लेवर जाऊ नका. पॅलेटच्या मधल्या पेटीतल्या मण्यात सुई खुपसून बघा. मणी कोमट राहिला तर पेटीत दव धरतं, बुरशी रोखायला पेटीत ठेवलेला सल्फरचा पॅड ओला होऊन सगळा गॅस एकदम सोडतो, देठाजवळ मणी पांढरे पडतात. आणि शेवटच्या आठवड्यात पॅड रिकामा असताना करडी बुरशी येते.

कंटेनरमध्ये तापमान नोंदवत राहणारे लॉगर दोन ठेवा, एक दाराजवळ. इथे खरेदीदाराने तक्रार केली तर नुसत्या फोटोवर भाव तोडू देऊ नका, त्रयस्थ सर्व्हेअरचा अहवाल मागा. जहाज कंपनीला लेखी नोटीस डिलिव्हरीपासून ३ दिवसांत जायला हवी, हेही करारात खरेदीदाराकडून लिहून घ्या.

सही करण्याआधी मसुदा मला पाठवा. काकूंना नमस्कार.

तुमचा,
संदीप