डोळे मिटून वीस मिनिटं

इंदूर

चि. रूथ हिस,
सप्रेम सलाम.

परवा फोनवर तू त्या मौन प्रार्थनेच्या, 'सेंटरिंग प्रेयर'च्या शिबिराबद्दल भरभरून सांगत होतीस आणि मी नुसतं "बरं" म्हटलं. ते मनापासून नव्हतं, म्हणून लिहायला बसलो.

सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं डोळे मिटून बसायचं, मनात एक शब्द धरायचा, विचार आला की पुन्हा त्या शब्दाकडे यायचं. मी यावर बरंच वाचलं. १९७० च्या दशकात अमेरिकेत स्पेन्सरच्या मठातल्या मेनिंगर, पेनिंग्टन आणि कीटिंग या ट्रॅपिस्ट, म्हणजे एका कॅथलिक संघातल्या साधूंनी ही पद्धत बसवली. आधार घेतला चौदाव्या शतकातल्या एका निनावी इंग्रजी पुस्तकाचा. म्हणजे हे कुणा बुवाचं खूळ नाही, एवढं मला मान्य आहे. शब्द ही देवाला दिलेल्या संमतीची खूण, असं ते सांगतात. पण येशूचा विचार मनात आला तरी तोही अलगद सोडून द्यायचा, असंही सांगतात. तिथे मी अडलो.

"शांत व्हा" हे वचन तिथे फळ्यावर लिहिलं होतं म्हणालीस. ते बायबलमधल्या ४६व्या स्तोत्रातलं आहे, ते स्तोत्र सबंध वाच. आधीच्याच ओळीत देव धनुष्य मोडतो, भाला तोडतो, रथ जाळतो. ती लढणाऱ्या राष्ट्रांना दिलेली ताकीद आहे गं.

मला नव्याचं वावडं आहे असं समजू नकोस. आपल्या चर्चमध्ये आराधना हिंदीत, पण रविवारी रात्री घरी आजोबा झांजा काढून टिळकांचे अभंग म्हणायचे, आठवतं ना? या कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांना सोडलं नाही. त्याच वळणाने त्यांनी ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारली. ऐकणारा कुणी असल्याशिवाय माणूस हाक मारत नाही.

आपण कॅथलिक नाही, तरी १९८९ मध्ये रोमहून बिशपांना ध्यानाबद्दल गेलेल्या पत्रातली एक गोष्ट मला पटली. शरीर सैलावून जी स्वस्थता येते, तिला पवित्र आत्म्याचं सांत्वन समजू नये.

तुझी आई दवाखान्यात होती त्या अकरा रात्री मला क्षणभर शांती नव्हती. बाहेरच्या बाकावर बसून मी देवाशी भांडलो, विनवण्या केल्या. मी त्याला प्रार्थनाच म्हणतो. आणि तू म्हणालीस, "पप्पा, आता काही मागावंसंच वाटत नाही." तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

तू निवडलेला शब्द कोणता, ते सांगितलं नाहीस. तेवढं कळव.

तुझा,
पप्पा