विद्यापीठातील व्याख्याने सर्वांसाठी खुली हवीत

महोदय,

विद्यापीठात एखाद्या मोठ्या अभ्यासकाचे व्याख्यान झाल्याची बातमी आपण बहुधा व्याख्यान होऊन गेल्यावर वाचतो. आठवडाभर आधी कळले असते तर नक्की गेलो असतो, ही हळहळ मी इतक्या वेळा अनुभवली आहे की हा विषय आपल्या वृत्तपत्राद्वारे मांडावासा वाटला.

काही वर्षांपूर्वी खगोलशास्त्रावरील अशाच एका व्याख्यानाचा सुगावा मला ओळखीच्या विद्यार्थ्याकडून लागला आणि मी रजा काढून गेलो. वेळ दुपारी तीनची होती. सभागृह भरलेले होते, पण त्यातले बरेचसे विद्यार्थी हजेरी लागणार म्हणून आणून बसवलेले होते. प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, सत्कार आणि मान्यवरांची मनोगते यांत पाऊण तास गेला. त्यामुळे ज्यांना ऐकण्यासाठी आम्ही आलो होतो, त्या वक्त्यांना अर्ध्याहून अधिक चित्रफिती वगळून भाषण आटोपते घ्यावे लागले. प्रश्नोत्तरे ‘वेळेअभावी’ रद्द झाली. माझ्या शेजारच्या मुलीने वहीत पाच-सहा प्रश्न लिहून ठेवले होते. आभारप्रदर्शन सुरू होताच तिने ती वही मिटली. त्या मिटलेल्या वहीचे मला आजही वाईट वाटते.

सार्वजनिक व्याख्यान हे विद्यापीठाने नागरिकांवर केलेले उपकार नव्हेत, ते त्याच्या नेहमीच्या कामापैकीच एक आहे, ही समजूत जगात जुनी आहे. पॅरिसमधील कॉलेज द फ्रान्स ही १५३० मध्ये स्थापन झालेली संस्था पदव्या देत नाही. तिथल्या प्राध्यापकांची व्याख्याने कोणीही नाव न नोंदवता, शुल्क न भरता ऐकू शकतो. स्कॉटलंडचे न्यायाधीश अ‍ॅडम गिफर्ड यांनी १८८५ च्या मृत्युपत्रात एडिंबरा, ग्लासगो, अ‍ॅबरडीन आणि सेंट अँड्र्यूज या चार विद्यापीठांना व्याख्यानमालेसाठी निधी ठेवला, तेव्हा ही व्याख्याने केवळ विद्यार्थ्यांसाठी नसून साऱ्या समाजासाठी असावीत, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. वक्ता कोणत्याही धर्माचा असो वा कोणताच धर्म न मानणारा असो, त्याला अट घालू नये, हेही त्यांनी नमूद केले. १८८८ मध्ये सुरू झालेली ती माला अजून चालू आहे. देणगीदाराने आपले नाव कोनशिलेवर कोरून घेण्याऐवजी श्रोत्यांचा हक्क लिहून ठेवला, याचे मला फार कौतुक वाटते.

अशा व्याख्यानांचा लाभ फक्त श्रोत्यांना होतो असेही नाही. १९४३ च्या फेब्रुवारीत भौतिकशास्त्रज्ञ एर्विन श्रोडिंगर यांनी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये सजीव पेशीविषयी तीन जाहीर व्याख्याने दिली. ते ज्या संशोधन संस्थेत काम करत होते, तिच्यावर जाहीर व्याख्याने आयोजित करण्याचे कायद्यानेच बंधन होते. सुमारे चारशे श्रोत्यांपुढे, अवघड गणित बाजूला ठेवून, आपल्या विषयाच्या कुंपणाबाहेर जाऊन त्यांनी जे मांडले, ते पुढच्याच वर्षी पुस्तकरूपाने आले आणि डीएनएची रचना उलगडणाऱ्या वॉटसन व क्रिक या दोघांनीही त्या पुस्तकाचा आपल्यावरील प्रभाव मान्य केला. सहकाऱ्यांसमोर बोलताना अभ्यासक बऱ्याच गोष्टी गृहीत धरतो, पण सर्वसामान्य श्रोत्यांसमोर त्याला त्या पुन्हा तपासून, सोप्या शब्दांत मांडाव्या लागतात आणि या खटाटोपात त्याच्या स्वतःच्या विचारालाही धार येते, असे मला वाटते.

‘लोक येतच नाहीत’ हे आयोजकांचे उत्तर मी ऐकले आहे. नोकरी-धंदा करणाऱ्या माणसाने कामाच्या दिवशी भर दुपारी, आदल्या संध्याकाळी लावलेली सूचना वाचून यावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. सत्राच्या प्रारंभी कार्यक्रमांचे वेळापत्रक जाहीर करावे, व्याख्यान संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी ठेवावे, औपचारिकता दहा मिनिटांत उरकावी आणि शेवटचा अर्धा तास प्रश्नांसाठी राखावा, एवढे एक वर्ष करून पाहावे आणि मगच श्रोत्यांना दोष द्यावा. प्रवेशद्वारावर ओळखपत्र मागणेही अशा दिवशी थांबवायला हवे; फाटकावर अडवलेला माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही.

ध्वनिचित्रमुद्रणाची बाबही तितकीच महत्त्वाची आहे. रिचर्ड फाइनमन यांनी १९६४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात भौतिक नियमांवर दिलेली सात व्याख्याने बीबीसीने चित्रित केली म्हणून ती आजचा विद्यार्थीही पाहू शकतो. आता तर मुद्रणाला मोठी यंत्रणाही लागत नाही. तरीही कित्येक ठिकाणी सत्काराची छायाचित्रे तेवढी जपली जातात आणि भाषणाचा एक शब्दही उरत नाही.

सांस्कृतिक कार्यक्रमांची स्थिती मला अधिक खटकते. विद्यार्थी दोन-दोन महिने तालमी करून एकांकिका किंवा नृत्य बसवतात, स्पर्धेत परीक्षकांपुढे एकदा सादर करतात, निकाल लागतो आणि तो प्रयोग तिथेच संपतो. तयार झालेल्या नटाला अनोळखी प्रेक्षक मिळणे हे त्याच्या शिक्षणातले फार मोलाचे पान आहे, कारण मित्रांच्या टाळ्या आणि परक्या माणसाची शांतता यांतला फरक त्याला तिथेच कळतो. स्पर्धेनंतर निवडक प्रयोगांचे दोन-तीन दिवस नागरिकांसाठी खुले ठेवले, तर नेपथ्य, वेशभूषा आणि पाठांतर हे सारे तयारच असल्याने नव्या खर्चाचाही फारसा प्रश्न उरत नाही.

नवे शैक्षणिक सत्र सुरू होण्यापूर्वी विद्यापीठांनी आपापली वेळापत्रके ठरवून ती वृत्तपत्रांकडे पाठवावीत आणि आपण त्यांना आठवड्यातून एकदा ठरावीक जागी प्रसिद्धी द्यावी, ही माझी आपणा सर्वांना विनंती आहे.

आपला,
एक वाचक