बांगडीवाल्या काकूंना, जाहीर आभार

काकू,

गेले दोन बाजार तुमचं दुकान लागलं नाही. भाजीवाली म्हणाली, गुडघा धरलाय. म्हणून इथंच लिहिते. नातू मोबाईलवर वाचून दाखवेलच.

जयपूरला निघाले तेव्हा माझ्या हातात बांगड्या भरता भरता तुम्ही म्हणालात, "राजवाडा कुठं पळून जाते काय? पह्यले मनिहारांच्या गल्लीत जाय." आणि तुमची वाढलेली लाखेची बांगडी माझ्याजवळ दिलीत.

पहिल्या दिवशी ऐकलं नाही. रिक्षावाल्यानं एका दुकानापुढं उतरवलं, तिथं हातछापाची म्हणून चादर गळ्यात मारली. घरी धुतली तर बादली लाल. जाऊ द्या.

दुसऱ्या दिवशी त्रिपोलिया बाजारातून 'मनिहारों का रास्ता', म्हणजे लाखेच्या बांगड्या करणाऱ्यांची गल्ली, विचारत गेले. एका ओट्यावर बाई शेगडीपुढं बसलेली. काडीच्या टोकाला लाखेचा गोळा. तो निखाऱ्यावर मऊ करायचा, वरून रंगाची कांडी फिरवायची, लाकडी हत्त्यानं घोळून लांब वळी काढायची. मग गरम असतानाच बारके खडे चिमट्यानं एकेक बसवायचे. तुमची बांगडी दाखवली. काही न विचारता तिनं दोन्ही टोकं तापवली, अंगठ्यानं दाबली, लाकडी दांड्यावर चढवून गोल केली. सांधा शोधून सापडेना. पैसे घेतले नाहीत.

काकू, तो वास ओळखीचा होता! आमच्या शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या पळसाला आजोबा लाखेचं बियाणं, म्हणजे लाखेचे किडे असलेल्या काड्या, बांधत. तोडलेली लाख व्यापारी घेऊन जायचा, पुढं तिचं काय होतं हे घरात कुणी पाहिलं नव्हतं. ते मी जयपुरात पाहिलं, तुमच्यामुळं.

राजवाडेही पाहिले. हवामहल १७९९ चा, सवाई प्रतापसिंहांनी बांधलेला. खिडक्या ९५३ म्हणतात. मी तिसाच्या पुढं मोजल्या नाहीत. सिटी पॅलेसमध्ये माणसाच्या उंचीचे चांदीचे हंडे आहेत. १९०२ साली माधोसिंह महाराज विलायतेला गेले, तेव्हा त्यांत गंगाजल भरून सोबत नेलं होतं. आपल्याकडच्या मे महिन्यात ते हंडे चौकात ठेवले असते तर भांडणं झाली असती.

तुमची बांगडी डाळीच्या डब्यात ठेवलीय, म्हणजे पोरींच्या हाती लागणार नाही. सोमवारच्या बाजारात आलात तर तिथंच देते. गुडघा नाही म्हणाला तर संध्याकाळी मीच घरी येते.

तुमची,
पळसाच्या धुऱ्यावाली