तुझी ती कवटी

पिंके,

परवा रात्री अकराला मी तुझ्या रूममेटला फोन केला म्हणून तू चिडलीस, बरोबर आहे तुझं. पण ग्रुपवर तू "मी मेले" लिहिलंस, खाली कवटी, आणि त्यानंतर तुझा फोनच लागेना. राजूकाकाच्या पोरीनं मग सांगितलं, ती कवटी म्हणजे हसून हसून मेले. मला कुठनं कळणार गं.

आता तो विषय काढायचा नाही असं ठरवलंय. पण उद्या तू खरंच अडचणीत असलीस, तुझ्या त्या भाषेत लिहिलंस आणि मला कळलंच नाही तर?

उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर तुझे शब्द उतरून ठेवतोय. क्रिंज, वाइब, डेलुलु. रिझ हा कॅरिस्माचा मधला तुकडा म्हणे, ऑक्सफर्डनं २०२३ चा शब्द म्हणून निवडलेला, २०२४ ला ब्रेन रॉट. मी पाठ करेपर्यंत तू म्हणतेस, पप्पा हे आता कोण बोलत नाही.

खडेबाजारात गिऱ्हाईकाचं तोंड बघून "या" म्हणायचं का कानडीत "बर्री", हे आप्पांनी मला दहाव्या वर्षी शिकवलं. ते अजून चालतंय. २०१४ ला बेळगावचं बेळगावी झालं तरी बेळगाव म्हटलं की समोरच्याला कळतंय. तुझं तसं नाही, सहा महिन्यात शब्द जुना.

मी कामाला पुण्याला गेलो तेव्हा "काय करूलालाय" म्हणालो तर सगळी हसली, कानडी आहेस का म्हणाली. दोन महिने तोंड उघडलं नाही मी. घरी पत्रात सगळं बरं आहे लिहायचो. आज्जीनं नुसतं अक्षर बघितलं आणि आप्पांना रात्रीच्या गाडीत बसवलं. मोबाईलवर अक्षर कुठं दिसतंय गं, सगळ्यांचं सारखंच.

आणि इंटरव्ह्यूत ब्रो ब्रो करू नको, मोठ्या माणसांना अहो म्हणायचं, रात्री जागायचं नाही, कानडी पण विसरू नको, पुढं उपयोगी पडेल. बघ, परत सुरू झालो. सॉरी.

तू स्टेजवर त्या पुण्याच्या पोरांसमोर बिनधास्त "काय गा" म्हणालीस, तो व्हिडिओ मी दुकानात सगळ्यांना दाखवलाय. आता तुझ्या मैत्रिणी पण "काय गे" म्हणतात म्हणे. मला जमलं नव्हतं ते.

कुंदा पाठवतोय, रूममेटला पण दे, तिची झोप मोडली माझ्यामुळं. कवटी टाक खुशाल. फक्त खाली "जेवले" एवढं लिही.

पप्पा