किलोमीटर छापता तसा हिशोबही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या पेपरात मदतनिधीसाठी सायकलवरून निघालेल्या दोन मित्रांची बातमी वाचली. फोटो मस्त आलाय, किती किलोमीटर, किती दिवस, पहाटे किती वाजता निघतात, सगळं दिलंय, पण लोकांनी दिलेले पैसे जमा कुठे होतायत आणि प्रवासाचा खर्च कोण करतंय याबद्दल एक ओळसुद्धा नाही. त्या दोघांबद्दल मला काडीची शंका नाही हे आधीच सांगते, उलट फार कौतुक वाटलं. पण मी आणि माझ्या मैत्रिणीने असाच प्रवास केलाय, १२ दिवस, ठरवलेलं अंतर १,०४० किमी, लहान मुलांच्या कॅन्सरच्या उपचारांसाठी, त्यामुळे या एका ओळीवर किती काय अवलंबून असतं ते जवळून बघितलंय, म्हणून हे पत्र.

निघायच्या आधी आमचं सगळ्यात मोठं भांडण यावरूनच झालं होतं. माझं म्हणणं असं की जमलेल्या पैशातून राहण्याखाण्याचा खर्च काढला तर काय बिघडलं, आपण काही मजा करायला जात नाहीये. ती म्हणाली, "अगं, ज्याने पैसे दिलेत त्याने पोरांच्या औषधासाठी दिलेत, आपल्या ट्यूब-टायरसाठी नाही." मला तेव्हा राग आला होता, आता वाटतं तिचंच बरोबर होतं. शेवटी ठरलं की खर्च सगळा आपापल्या खिशातून, देणगी थेट हॉस्पिटलच्या खात्यात आणि पावती देणाऱ्याच्या नावाने, मधे आमचं खातं नकोच. हे जमतं बरं का. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये पॅन-मास चॅलेंज म्हणून सायकल राइड आहे, १९८० मध्ये ३६ जणांनी सुरू केलेली, तिथे आज हजारो लोक सायकल चालवतात आणि त्यांनी जमवलेला सगळाच्या सगळा पैसा डेना-फार्बर या कॅन्सर संस्थेकडे जातो, राइडचा खर्च वेगळ्या मार्गाने भागवतात. एवढ्या मोठ्या प्रमाणावर जमतं तर दोघा मित्रांना का नाही जमणार?

आता खरी गोष्ट. आमच्या ओळखीच्या बऱ्याच जणांनी किलोमीटरमागे ठरावीक रक्कम द्यायचं कबूल केलं होतं, म्हणजे आम्ही दोघी जितकं चालवू तितके पैसे. यात लोकांना गंमत वाटते, रोज विचारपूस करतात, आज किती झालं, कुठे पोचलात. पण यात सायकल चालवणाऱ्याच्या शब्दावरच सगळं असतं हे आमच्या सातव्या दिवशी लक्षात आलं.

पाचव्या-सहाव्या दिवशी समोरून वारा होता, आणि सामान लादलेल्या सायकलवर समोरचा वारा म्हणजे न संपणारा चढ असतो, अंगावर येणाऱ्या हवेचा वेग दुप्पट झाला तर तिचा विरोध चौपट होतो, त्यामुळे हट्टाने जोर लावून काही उपयोग नसतो. आम्ही दर दहा मिनिटांनी पुढेमागे होत होतो, मागचीला आडोसा मिळतो आणि बराच दम वाचतो. तरी ती मागे पडायला लागली. मला वाटलं थकली असेल. ती काही बोलली नाही, बोलत नाहीच ती. सातव्या दिवशी सकाळी एका चढावर पाय टेकून उभी राहिली आणि गुडघ्याच्या वाटीवर हात ठेवून म्हणाली, "पुढून दुखतंय गं, कालपासून."

गुडघा पुढून दुखला की आधी सीट बघायची, बहुतेक वेळा ती खाली असते (मागून दुखला तर उलटं, सीट जास्त वर). पण तिची सीट आम्ही निघायच्या आधी नीट मोजून लावली होती, पेडल सगळ्यात खाली आणि टाच त्यावर ठेवली की पाय सरळ, म्हणजे मग चवडा पेडलवर आला की गुडघ्यात थोडासाच बाक राहतो. खूण म्हणून सीटच्या दांड्यावर फ्रेमच्या अगदी वर पिवळी टेप गुंडाळली होती. खाली वाकून बघितलं तर टेप दिसेचना. बोल्ट सैल होऊन दांडा रोज केसभर खाली सरकत गेला होता आणि ती टेप फ्रेमच्या नळीच्या आत गेली होती, दोन बोटांइतकी. रोज थोडं थोडं म्हणून तिला कळलंच नाही, गुडघ्याला मात्र कळत होतं. सीट वर घेतली, बोल्ट घट्ट आवळला, पण सुजलेला गुडघा काही लगेच बरा होत नाही. एका ट्रकवाल्याने तिला आणि तिच्या सायकलला पुढच्या मुक्कामापर्यंत सोडलं. ३८ किमी. मी मागून एकटीच चालवत गेले, अख्ख्या प्रवासातले सगळ्यात लांब वाटलेले ३८ किमी तेच.

रात्री ती गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून आमच्या वहीत लिहीत बसली होती. मी म्हटलं, राहू दे ना, एका दिवसाचं काय एवढं, कोणाला कळणारे, आणि पैसे तर मुलांनाच जाणार आहेत, आपल्याला थोडीच मिळतायत. मनापासून म्हटलं होतं मी, ३८ किमीचे पैसे कमी पडू नयेत एवढंच डोक्यात होतं. तिने वही माझ्यापुढे सरकवली. लिहिलं होतं, "दिवस ७. ती ८४ किमी. मी ४६ किमी सायकलने, ३८ ट्रकने." आणि त्याच रात्री सगळ्यांना तसाच मेसेज पाठवला.

मला वाटलं लोक हिरमुसतील. एकाने खरंच तेवढे पैसे कमी केले, त्याचं काही चुकलं नाही, ठरलंच तसं होतं. बाकीच्यांनी पूर्ण दिले, आणि तीन जण तर असे होते की ज्यांनी आधी नाही म्हटलं होतं आणि तो मेसेज कोणीतरी पुढे पाठवल्यावर स्वतःहून पैसे भरले. कॅनडातला टेरी फॉक्स बघा, कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसे जमवत देश पार करायला निघालेला, तो तर सायकलवर नव्हता, एका कृत्रिम पायावर धावत होता, १९८० मध्ये १४३ दिवसांत ५,३७३ किमी, आणि कॅन्सर फुप्फुसांत पसरल्यावर त्याला वाटेतच थांबावं लागलं. थांबला ते सगळ्या देशाला सांगून थांबला. अंतर पुरं झालं नाही म्हणून लोकांनी हात आखडता घेतला नाही, त्याने माणशी एक डॉलर मागितला होता आणि फेब्रुवारी १९८१ पर्यंत २.४ कोटींच्या वर डॉलर जमले, म्हणजे तेव्हाच्या कॅनडाच्या लोकसंख्येइतके.

म्हणून संपादकसाहेब, माझी विनंती आहे की अशी बातमी छापताना त्या लोकांना चार प्रश्न नक्की विचारा, पैसे कोणाच्या खात्यात, पावती कोण देणार, प्रवासाचा खर्च कशातून आणि परत आल्यावर हिशोब कुठे बघायला मिळेल. नीट निघालेल्या माणसाला याचा राग येत नाही, उलट बरंच वाटतं, आम्हाला तर कोणी विचारावं असं फार वाटत होतं. आणि प्रवास संपल्यावर पुन्हा एकदा त्यांना गाठा, नुसतं निघतानाचा फोटो छापून सोडू नका.

हे सांगायचं कारण, आमचीही बातमी आली होती, कुठल्या पेपरात ते जाऊ दे. बातमीदाराला आम्ही ट्रकचं स्वच्छ सांगितलं होतं, वहीसुद्धा दाखवली होती. तरी छापून आलं, "दोघी मैत्रिणींनी १,०४० किमी सायकलवर पूर्ण केले." फोन करून सांगितलं तर म्हणाले, एवढ्याशासाठी कुठे दुरुस्ती. ते कात्रण मैत्रिणीने घरी फ्रेम करून लावलंय. फ्रेम करायच्या आधी १,०४० च्या शेजारी तिने पेनाने तिचा आकडा लिहिला, १,००२.

आपली,
एक नियमित वाचक