रिकाम्या चौकोनांबद्दल

प्रिय बंड्या,

तुझं पत्र येऊन चार महिने झाले आणि मी उत्तर दिलं नाही. कामाचं कारण सांगत नाही, तू ते ऐकून घेणार नाहीस. तब्येत ठीक, पाठ अधूनमधून धरते, एवढंच. आज लिहायला बसलो, कारण परवा एका फाइलवर ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ असा शेरा वाचला आणि नानांच्या खोलीतलं आपलं भांडण आठवलं. ‘पेशंट चुकत नाही, आपण त्याच्या हातात अर्धवट सूचना देतो,’ असं तू म्हणाला होतास आणि मी हट्टाने उलट बाजू धरून बसलो होतो. बंड्या, तुझं बरोबर होतं.

त्या शेऱ्याच्या वर तक्ता होता. ॲप लावून मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवायचं आणि हृदयाची लय मोजायची: दिवसातून तीनदा, एकेक मिनिट, सात दिवस. 21 चौकोन, त्यातले भरलेले 9. नऊ म्हटलं की निम्म्याहून कमी, म्हणून शेरा. पण चौकोन कुठले भरलेत ते बघ: सकाळचे सातच्या सात, संध्याकाळचे दोन, दुपारचा एकही नाही. सहकार्य न करणारा माणूस सातही सकाळी न चुकता बोट ठेवतो का? त्याचा मोबाइल दुपारी त्याच्याजवळ नसतो, किंवा त्या वेळी त्याला दोन मिनिटं बसायला मिळत नाही. एवढा एक प्रश्न विचारला असता तर वेळ बदलून देता आली असती. आपण आकडा मोजतो, नक्षी वाचत नाही. माझा सगळा जीव आता त्या रिकाम्या चौकोनांत अडकलाय.

चौकोन रिकामा राहिला तर बिघडतं काय, हे तुला सांगायला नको, तरी हिशेब मांडतो. एट्रियल फिब्रिलेशन (एएफ), म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बिघडलेली, अनियमित लय, येतं आणि जातं. सुरुवातीच्या प्रकारात ते सात दिवसांच्या आत आपोआप थांबतं, कित्येकदा काही तासांतच. दवाखान्यातला ईसीजी दहा सेकंदांचा. त्या दहा सेकंदांत लय नीट असली की कागद स्वच्छ, आणि स्ट्रोकचा धोका मात्र सुमारे पाचपट होऊन बसलेला. म्हणून तर घरी मोजायचं. पण आठवड्यात 10,080 मिनिटं असतात आणि आपण मागतो त्यातली 21. जाळं मुळातच विरळ आहे, त्यातले बारा धागे तुटले तर हाती काय लागणार? आणि रुग्ण फक्त बरं वाटत असतानाच मोजत असेल, तर तुटतात ते नेमके कामाचे धागे.

आता नक्षीबद्दल. तू आता तुझ्याकडे हे सुरू करतोयस असं लिहिलं होतंस, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली, दुपार रिकामी असलेली, वर सांगितलीच. दुसरी: चौथ्या दिवसापर्यंत सगळं भरलेलं आणि मग एकदम कोरं, असं दिसलं तर आधी मोबाइलवर संशय घे, माणसावर नाही. ॲप अपडेट झालं की कधीकधी लॉग-आउट होतं. परत आत जायला ओटीपी लागतो आणि तो मुलाच्या नंबरवर जातो, कारण नोंदणी मुलाने केलेली असते. बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमध्ये फोन ॲपला झोपवतो, मग आठवणीची घंटी वाजतच नाही. काही वेळा रीडिंग घेतलेलं असतं, पण इंटरनेट नसल्यामुळे फोनमध्येच अडकून पडतं. वायफाय मिळाला की सहा रीडिंग एकदम येतात आणि तोवर आपला शेरा लिहून झालेला असतो. एका घरात एकच फोन असेल तर नवऱ्याची रीडिंग बायकोच्या नावावर चढतात. हे तर फार जपून बघ, कारण तिथे चौकोन रिकामा दिसत नाही, चुकीचा भरलेला असतो.

फोनमध्ये काही दोष सापडला नाही, तर चौथ्या दिवशी लाल अक्षरांत काही उमटलं का ते विचार. रात्री अकराला ‘लय अनियमित असण्याची शक्यता’ असं वाचून माणूस एकटा बसतो. पलीकडे कोणी जागं नाही, आणि कोणी जागं नाही हे त्याला कोणी सांगितलेलंही नाही. दुसऱ्या दिवशी तो ॲप उघडत नाही. याला मी आळस म्हणायचो. ती भीती आहे. म्हणून पहिल्याच दिवशी, ॲप टाकून देतानाच, तीन गोष्टी तोंडी सांगाव्यात: लाल संदेश म्हणजे निदान नव्हे; रीडिंग कोण आणि किती वाजता बघतं; आणि छातीत दुखलं, धाप लागली, चक्कर येऊन पडायला झालं, तोंड वाकडं झालं, बोलताना जीभ अडखळली किंवा एक हात लुळा पडला, तर मोबाइल बाजूला ठेवून तडक इमर्जन्सीत जायचं, एक मिनिटसुद्धा मोजत बसायचं नाही. ही शेवटची गोष्ट कागदावर मोठ्या अक्षरात हवी.

तिसरी नक्षी: चौकोन भरलेले, पण निम्म्यांवर ‘सिग्नल खराब’. इथे तू आणि मी दोघेही चुकत होतो, ‘बोट घट्ट दाबा’ असं सांगायचो. घट्ट दाबलं की बोटाच्या पेरातलं रक्तच बाजूला सरतं. प्रत्येक ठोक्याला पेरात थोडं जास्त रक्त येतं, प्रकाश थोडा जास्त शोषला जातो, कॅमेऱ्याला तेवढाच अंधार दिसतो; ॲप त्या अंधारांमधलं अंतर मोजतं. दाबून रक्त हटवलं तर मोजायला काय उरतं? बोट नुसतं टेकवायचं, लेन्स आणि फ्लॅश दोन्ही झाकले जातील इतपत. तीन-चार लेन्सवाल्या फोनमध्ये नेमकी कुठली लेन्स झाकायची ते बोट धरून दाखवावं लागतं, चित्र पुरत नाही. हात गार असेल तर आधी चोळून ऊब आणायची. कोपर टेबलावर, पाठ टेकलेली, पाच मिनिटं शांत बसल्यावर मोजायचं. फ्लॅशने बोट तापतं आणि शेवटच्या दहा-पंधरा सेकंदांत माणूस नकळत ते हलवतो, हे आधीच सांगितलं की सहन होतं. आणि मोजताना बोलायचं नाही. तुझं स्वतःचं रीडिंग या एका कारणाने जन्मात स्वच्छ यायचं नाही, लिहून ठेव.

बोटांनी धरायच्या छोट्या ईसीजी उपकरणाचं तंत्र वेगळं. तिथे 30 सेकंद लागतात आणि शत्रू म्हणजे कोरडी कातडी आणि ताणलेले स्नायू. बोटं किंचित ओलसर करायची, हातांना लावलेलं क्रीम धुऊन टाकायचं, दोन्ही हात टेबलावर सैल ठेवायचे, चार्जर काढायचा, नाहीतर विजेची गुणगुण पट्टीवर उमटते. यातली काही उपकरणं ब्लूटूथ वापरत नाहीत, कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजात फोनच्या मायक्रोफोनशी बोलतात. फोनचं जाड कव्हर मायक्रोफोनवर आलं किंवा ॲपला मायक्रोफोनची परवानगी नाकारलेली असली की काहीच पोचत नाही, आणि माणूस समजतो यंत्र बिघडलं. मग ते कपाटात जातं.

चौथी नक्षी उलटी: एका दिवसात तीस रीडिंग. याला आपण ‘उत्तम प्रतिसाद’ म्हणतो, आणि ते मला सगळ्यात जास्त खटकतं. तो माणूस घाबरलेला आहे. जितक्यांदा मोजेल तितके अधूनमधून पडणारे जादा ठोके सापडतील, ॲप त्यांना अनियमित म्हणेल, आणि तो परत मोजेल. त्याला मर्यादा लिहून दे: ठरलेली तीन, धडधड झाली तर एक जादा, सिग्नल खराब आला तर दोनदाच पुन्हा प्रयत्न, मग सोडून द्यायचं.

किती दिवस मोजायचं यावरून आपलं दुसरं भांडण होतं, तेही मिटवतो. ‘आता रोज मोजत राहा’ हे सांगणं म्हणजे कोणीच न पाळण्यासाठी सांगणं. शेवट दिसला की माणूस नेटाने चालतो. 2020 मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टहून सुरू झालेल्या टेलिचेक-एएफ या प्रकल्पात फोनवरच्या भेटीआधीचे सातच दिवस मागितले होते आणि भेटीत तीच रीडिंग समोर घेऊन बोलायचे. जर्मनीतल्या ई-ब्रेव्ह-एएफ या अभ्यासात पहिले 14 दिवस दिवसातून दोनदा, पुढे आठवड्यातून दोनदा. दोन्हींत मागणी मोजूनमापून केलेली आहे. आणि भेटीत त्याच्या रीडिंगचा उल्लेख झालाच पाहिजे. ‘मंगळवारी रात्री धडधड झाली तेव्हा तुम्ही मोजलंत, फार उपयोग झाला,’ एवढं वाक्य पुढच्या वेळचे चौकोन भरतं. कोणी बघितलंच नाही असं एकदा कळलं, की पुढच्या वेळी माणूस का मोजेल?

मोजण्याच्या पुढची गळती तर आपण धरतच नाही. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲपल हार्ट स्टडीत 4,19,297 लोक होते. 2,161 जणांना घड्याळाने अनियमित नाडीची सूचना दिली. त्यातल्या 945 जणांनी डॉक्टरांशी पहिली भेट पूर्ण केली, 658 जणांना छातीवर चिकटवायचे ईसीजी पॅच पाठवले गेले, आणि वाचता येण्याजोगे परत आले 450. काही जण नियमात न बसल्यामुळेही गळले, सगळा दोष लोकांचा नाही. पण सूचनेपासून पुराव्यापर्यंतची वाट किती निसरडी आहे ते बघ. आणि पुरावा लागतोच. कॅमेऱ्याच्या रीडिंगवर निदान होत नाही, किमान 30 सेकंदांची ईसीजी पट्टी डॉक्टरांनी वाचावी लागते. जादा ठोके कॅमेऱ्याला फिब्रिलेशनसारखे वाटतात, आणि ठरावीक अंतराने ठोके सोडणारं फ्लटर, म्हणजे वरच्या कप्प्यांचीच पण एकसारखी वेगवान लय, नियमित वाटून निसटतं. वेगही फसवतो: फिब्रिलेशनमध्ये अशक्त ठोके बोटापर्यंत पोचतच नाहीत, फोन 84 दाखवतो आणि हृदय प्रत्यक्षात त्याहून वेगाने धावत असतं.

आता ज्या गोष्टीने झोप उडते ती. चौकोन इमानाने भरणारा माणूस, सातही दिवस ‘लय नियमित’, आणि त्यावर विसंबून रक्त पातळ करायची गोळी स्वतःच बंद करतो. त्याचा तर्क सरळ आहे: रोग नाही तर औषध कशाला? पण गोळी त्या आठवड्याच्या लयीवर दिलेली नसते; वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा स्ट्रोक हे बघून दिलेली असते. म्हणजे मोजण्यातलं सातत्यच गोळीच्या सातत्याच्या मुळावर येतं. हे कुठल्याही तक्त्यात दिसत नाही, तक्ता शंभर टक्के भरलेला असतो. रुग्णाला द्यायच्या सूचनापत्रात पहिलीच ओळ ही घाल: रीडिंग कितीही चांगलं आलं तरी विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही. मोजण्याची वेळही सकाळ-संध्याकाळच्या गोळ्यांनाच बांध, दोन्ही एकमेकांची आठवण करून देतील.

तुझा गुडघा आता कसा आहे? जिना चढतोस का? धाकटीला बाहेरगावी प्रवेश मिळाल्याचं मधूकडून कळलं, तिला माझे आशीर्वाद सांग. वहिनींना नमस्कार. तुझ्या बदलीचं काय झालं ते दोन ओळीत तरी कळव.

सूचनापत्राचा कच्चा मसुदा सोबत जोडलाय, एका पानाचा. तू तपासू नकोस, तुला सगळं कळतंच. ज्याने हे ॲप कधी पाहिलं नाही अशा कोणाच्या तरी हातात कागद आणि फोन दे, तू तोंड मिटून शेजारी बस आणि तो कुठे अडतो त्या ओळीखाली रेघ मार.

तुझा,
जुना खोलीभाऊ

ता. क. त्या फाइलवरचा शेरा मी खोडला. ‘दुपारी फोन कुणाकडे असतो?’ असं त्या जागी लिहिलंय. उद्या फोन करून विचारणार आहे.