चौदाव्या आठवड्याचा डोस

चि. सौ. मनीषास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल "आई, नुसती सर्दी आहे" असे म्हणून तू फोन ठेवलास, तेव्हापासून मला काही सुचत नाही. लसीचा विषय पुन्हा काढणार नाही, असे नानांना मी कबूल केले होते. पण बाळाला पाचवा महिना लागला तरी चौदाव्या आठवड्याचा न्यूमोकॉकलचा डोस राहिलेला आहे, हे मनातून जात नाही.

ही लस ज्यांच्याविरुद्ध आहे ते न्यूमोकॉकस नावाचे जंतू लहान मुलांच्या नाकामागे, घशाच्या वरच्या भागात मुक्काम करून असतात आणि बहुतेक मुलांना त्यांचा काही त्रासही होत नाही. शिंक, खोकला, शेंबडाचे हात यांतून ते एकाकडून दुसऱ्याकडे जातात. सोहम पाळणाघरातून आल्या आल्या धाकट्याचे पापे घेतो, ते पाहून मला आनंदच होतो, आणि त्याचे तिन्ही डोस वेळेवर झाले याचे समाधानही वाटते. परंतु विषाणूची सर्दी होऊन नाकाघशाचे अस्तर दुखावले, की एरवी गप्प असलेले हे जंतू वाढीस लागतात. कानात शिरले तर कान फुटतो, फुप्फुसात उतरले तर न्यूमोनिया होतो, आणि रक्तातून मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचले तर काय होते, ते मी लिहीत नाही. साध्या सर्दीसाठी डोस पुढे ढकलायचा नसतो, मनीषा.

या जंतूभोवती साखरेच्या जातीचे एक कवच असते आणि दोन वर्षांच्या आतल्या बाळाच्या शरीराला त्याच्याशी नीट लढता येत नाही. म्हणून लसीत ते कवच प्रथिनाला जोडून देतात. कवचाचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. लस त्यांतल्या जास्त घातक प्रकारांपासून वाचवते.

पुन्हा उपकेंद्रातली नर्स बोलू लागली, असे तुला वाटेल. रागावू नकोस. कचेरी आणि दोन मुले तू एकटीने कशी सांभाळतेस, हे मी साऱ्या गल्लीला सांगत असते.

तू सात महिन्यांची असताना ही लस आपल्याकडे नव्हती. सरकारी लसीकरणात ती २०१७ मध्ये काही राज्यांत आणि २०२१ मध्ये देशभर आली. चोपड्याच्या वरच्या पाड्यांवरून पोटावर बिब्ब्याचे डाग दिलेली, धापा टाकणारी बाळे मी पाहत होते, आणि त्याच हिवाळ्यात तुझीही छाती भरली. जळगावच्या दवाखान्यात रात्रभर तुझ्या बरगड्यांखालची कातडी श्वासागणिक आत ओढली जात होती आणि नाकपुड्या फुलत होत्या. मोठ्या काकू उशाशी बसून होत्या. मी मात्र घड्याळ धरून श्वासच मोजत राहिले.

तूही मोज. बाळ शांत झोपले असताना झबले वर करून पूर्ण एक मिनिट पोटाकडे बघ. या वयात पन्नास किंवा त्याहून अधिक श्वास भरले, छाती आत जाऊ लागली किंवा त्याने दूध सोडले, तर सकाळची वाट पाहू नकोस. घरात धूप-उदबत्ती लावू नकोस, आणि अंगावरचे दूध चालू ठेव.

उशीर झाला तरी पहिला डोस वाया जात नाही. राहिलेला आता घ्यायचा आणि नवव्या महिन्याचा पुढे आहेच. या आठवड्यात लसीकरणाचा दिवस विचारून घे. जावईबापूंना रजा नसेल तर मी येते. डोस झाला की कार्डाचा फोटो नानांच्या फोनवर पाठव.

तुझी,
आई